सोन्याच्या ठिपक्याखालची तार

"सुमनचं लग्न झालं. आता रिसर्च पेपरवर तिचं कोणतं नाव घालायचं? जुनं की नवं? त्यापेक्षा आभारात उरकून टाकू!"

हे आमचे सर पठाणला सांगत होते. सर म्हणजे माझे गाइड, पठाण म्हणजे प्रयोगशाळेतला सगळ्यांत सीनियर. मी, म्हणजे ती सुमन, कपाटाआड क्वार्ट्‌झची नळी पुसत उभी आहे, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

"लेकिन सर, तारा तर तिनंच वाढवल्यात," पठाण म्हणाला.

"मग वाढवू दे की! कोण नाही म्हणतंय?"

मी नळी पुसत राहिले. कमी बोलणाऱ्या माणसाचं हे असं असतं. लोक त्याला हिशेबात धरतच नाहीत, मनमोकळं बोलतात, आणि त्याच्याकडं किस्से साठत जातात.

*

आमचं काम म्हणजे केसाहून कितीतरी बारीक अशी सेमीकंडक्टरची तार वाढवणं. भट्टीतल्या नळीत सोन्याचा सूक्ष्म ठिपका ठेवायचा, वाफ सोडायची. ठिपक्याखाली तार वाढू लागते, सोनं डोक्यावर घेऊन.

एकदा ते सोनंच संपलं. नव्या सोन्याची मागणी वर ऑफिसात गेली ती वरच राहिली. सरांची नजर फिरत फिरत माझ्या नव्याकोऱ्या मंगळसूत्रावर येऊन थांबली.

"बावीस कॅरेटचं आहे, सर. शुद्ध लागतं ना आपल्याला?"

"अरेरे!" सर मनापासून हळहळले.

*

सासूबाई वैजापूरकडच्या. सोन्याचं नाव काढताच त्यांना माझ्या संशोधनात एकदम गोडी वाटू लागली.

"सोन्याचं काम हाय व्हय? किती तोळं?"

"डोळ्यांना दिसतही नाही, आई."

"मंग काय उपेग!"

तरी त्यांनी गल्लीत सांगून टाकलं, सून तारेच्या कारखान्यात आहे. चिकलठाण्याला तेव्हा जो तो नवा कारखाना काढत होता, त्यामुळं सगळ्यांना ते पटलंही. शेजारच्या काकू आल्याच. "धुणं वाळत घालायला जराशी तार आण गं. पण गंजणारी नको हं!"

"आणून दे की," माझा नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणाला. "मुंग्यांचं धुणं वाळेल."

*

इतक्या बारीक तारेत इलेक्ट्रॉनला इकडंतिकडं वळायला जागाच नसते. पुढं जा, नाहीतर मागं. त्यालाच आम्ही क्वांटम म्हणतो. दोन खोल्यांत सासू, सासरे, दोन दीर आणि नवरा असलेल्या नव्या सुनेला हे कुणी शिकवावं लागत नाही.

तर, दुपारी ठरावीक वेळेला आमच्या तारा वाकड्या येऊ लागल्या. सरांनी सेमिनारमध्ये फळा भरून समीकरणं मांडली. हा एक अपूर्व क्वांटम परिणाम असण्याची दाट शक्यता आहे, असं जाहीर केलं. टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्यावर पठाण हळूच उठला. "सर, वो क्वांटम नाय. चिकलठाण्याची दुसरी पाळी सुरू झाली की आपल्या भट्टीचं व्होल्टेज पडतं."

माझा नवरा तिथल्याच एका कारखान्यात, नेमका त्याच पाळीला जायचा. तो कामावर चढला की इकडं माझी तार वाकडी!

*

मग पेपर पाठवायची वेळ आली. बाहेर विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण तापलेलं. आज मोर्चा, उद्या बंद. विद्यापीठाचं नाव काय लिहायचं? सरांनी तोडगा काढला. "फक्त 'भौतिकशास्त्र विभाग, औरंगाबाद' लिहा. कुणाला राग नको."

"विभाग हवेत तरंगतोय का, सर?" गायकवाडनं विचारलं. तो माझ्याच बरोबरीचा, शेजारच्या टेबलावर काम करणारा.

"अरे, विज्ञानाचा पेपर आहे. त्यात नाव कशाला मधे आणायचं?"

"आमच्या गावात या नावापायी घरं जळाली, सर. ज्यांना नाव आयतं मिळालंय, त्यांनाच ते मधे आल्यासारखं वाटतं."

सरांनी हातातले कागद उलटले.

*

शेवटी सरांनी विषय बदलला आणि नेमका माझ्यावर आणला.

"हं, आता लेखकांची नावं. सुमन, तुझं आपण आभारात घेऊ. वाईट वाटून घेऊ नकोस. आता तुझं नावच बदललं ना!"

बदललं होतं खरं. लग्नात नवऱ्यानं ताटभर तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं होतं, 'वैदेही'. सर तेव्हा पहिल्या रांगेत होते, सगळ्यांआधी टाळ्या त्यांनीच वाजवल्या होत्या.

पठाण चपलेकडं बघू लागला. गायकवाड माझ्याकडं.

मी हातातली नळी टेबलावर ठेवली.

"सर, ते तांदूळ आम्ही दुसऱ्याच दिवशी शिजवून खाल्ले. पेपरवर सुमन लिहा. लेखकांत पहिलं."