सीमेपलीकडचा गुडघा

सीमेपलीकडच्या सैन्यात कोणाचा गुडघा दुखतो, हे तिथल्या डॉक्टरांच्या आधी माझ्या बायकोच्या मामांना कळत असे. लढाई नसेल तेव्हा त्या सैन्याचा अभ्यास करत राहायचं, ही मामांची दिल्लीतली नोकरी. "यात गुपित कसलं? सगळं त्यांच्याच पेपरात असतं, बघणारा हवा," असं म्हणायचे. फोटोत कोण कोणाच्या शेजारी उभा आहे, छातीवरची कोणती पट्टी नवी, यंदा कोण दिसत नाही, एवढ्यावरून ते उद्याचा सेनापती सांगत. लक्ष्मीबाई नगरच्या त्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमच्या लग्नाचा अल्बमसुद्धा त्यांनी भिंग लावून पाहिला. "जावईबापू, तुमच्या आत्याबाई मागच्या रांगेत गेल्यात. मानपानावरून बिनसलंय काहीतरी." बिनसलं होतंच.

पलीकडचा एक अधिकारी तर कॅप्टन असल्यापासून मामांच्या नजरेखाली वाढला. त्याला बढती मिळाली की मामा कारण न सांगता पेढे आणत; तो डावलला गेला तेव्हा धड जेवले नाहीत. "परेडला डावा पाय जपून टाकतोय. गुडघा गेला बिचाऱ्याचा," असं एकदा हळहळले. मामी वाढता वाढता म्हणाल्या, "माझा कधीचा दुखतोय, तो नाही दिसला?"

"तू परेडला कुठे असतेस?"

आम्ही सगळे हसलो. मी तर या माणसाला हसतच आलो.

मामा आता निवृत्त आहेत, पण मोबाइलवर पलीकडचे पेपर चालूच. यंदाच्या पाडव्याला आम्ही त्यांच्या दिल्लीतल्याच द्वारका भागातल्या फ्लॅटवर जेवायला गेलो, तर त्यांनी श्रीखंडाची वाटी बाजूला सारली. "गोड नको. सुतक समजा."

मामी दचकल्या. "अहो, कोण गेलं?"

मामांनी मोबाइल पुढे केला. चार ओळींची बातमी आणि फोटो. तोच अधिकारी, आता पांढऱ्या केसांचा.

"मामा, तो शत्रू होता," मी म्हणालो.

"होता ना. आयुष्यभर होता." मग चष्मा पुसत राहिले. "एरवी आपण घरच्यांना भेटून येतो. इथे कोणाकडे जायचं, जावईबापू?"

माझंच वाक्य मला टोचत राहिलं. मामींनी सगळ्यांच्याच वाट्या उचलल्या. मी उठून मामांशेजारी जाऊन बसलो आणि दुखवट्याला गेल्यावर विचारतात तसं विचारलं, "आजारी होते का?"

मामा माझ्याकडे वळले. "गुडघ्यापासूनच सुरुवात झाली बघा," ते म्हणाले, आणि सांगू लागले.