तोट्यांची पिशवी

माळ्यावर नळाच्या जुन्या तोट्यांची पिशवी सापडली आणि पुन्हा डोकं फिरलं. रत्नागिरीहून नोकरीसाठी परभणीत आलो, तेव्हा गल्लीतल्या एकाही नळाला तोटी नव्हती. आठवड्यानं येणारं पाणी भरून झालं की खुशाल नालीत वाहायचं. हे शहर सुधारायचंच, म्हणून मी घरोघरी फिरून स्वतः तोट्या बसवल्या. पुढच्या पाण्याला पाहतो तर सगळ्यांनी काढलेल्या! शेजारच्या मावशींनी तर त्यांची तोटी माझ्याच हातात ठेवली. “अवो सर, तोटी लावल्यावर पाणी आल्यालं कळंल कसं? नळ फुसफुसला की तर बादल्या घिऊन पळतो आमी!” मी कपाळावर हात मारून घेतला. आता पिशवी परत ठेवतोय, तोच समोरची नवी भाडेकरीण दारातून ओरडली, “काका, तुमच्या नळाला तोटीच नाही, पाणी वाहतंय!” बादली उचलता उचलता मी खेकसलो, “नवीन आलात वाटतं परभणीत?”