देवघरातून काढलेली डबी

देव राखतो, असं मी येता-जाता म्हणत असे. पण त्या वर्षी धाकटे दीर नागपूरच्या मनोरुग्णांच्या दवाखान्यातून घरी आले आणि माझीच जीभ अडखळू लागली. ते दिवसदिवस ओसरीवर बसून राहत. जगण्यात राम नाही, एवढं एकदाच बोलले होते. डॉक्टरांनी जपायला सांगितलं, पण कसं जपायचं ते मी विचारलं नाही. मन रमावं म्हणून रोजची पूजा त्यांच्याकडे सोपवली आणि स्वतःच्या अकलेवर खूश झाले.

एके दुपारी पवनारला पायी निघालेली एक म्हातारी पाणी प्यायला थांबली. दिरांना तिनं नीट निरखलं, मग देवाला हात जोडायला आत आली. देवांच्या वरच्या फळीवर कपाशीच्या विषारी औषधाची डबी होती. आमच्याकडे पारोशानं देवघरात कुणी जात नाही, पोरं तिकडे फिरकत नाहीत, म्हणून ती कायम तिथंच. पूजा कोण करतं, असं तिनं विचारलं. मी कौतुकानं दिरांचं नाव सांगितलं.

ती हळूच म्हणाली, "बाई, मन फिरलं का माणूस दूर नाई जात, हाताशी हाय तेच उचलते. माही पोर तशीच गेली. हे आजच घरातून काढजो. देवानं तुले बी हात देल्ले हायेत."

मला राग आला, खोटं कशाला बोलू? आली कोण आणि शिकवते कोण! पण तिचे डोळे पाहिले आणि मी यजमानांना हाक मारली. ती गेल्यावर तासाभरात यजमानांनी डबी शेजारच्या पाटलांच्या कोठीत कुलपात ठेवली. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

आठ-दहा दिवसांनी दीर पूजेवरून उठून चुलीपाशी आले. सोमवारी आपण फळीवर हात नेला होता, असं त्यांनी सांगितलं. काही सापडलं नाही, तेव्हा तिथंच बसून रडले, आणि रडता रडता ती वेळ निघून गेली. मग त्यांनी आपला वस्तारा माझ्यापुढे ठेवला.

"वैनी, हा बी तुमच्यापाशी राहू द्या. मले लागन तवा मागीन."

मी पदर पसरून तो घेतला आणि पोटभर रडले. शरण जाणं म्हणजे देवावर भार टाकून मोकळं होणं, अशी माझी समजूत होती. खरं शरण जाणं मला त्यांनी दाखवलं. पुढे दवाखान्याच्या खेपा पुष्कळ झाल्या, पण ते सावरले. ती म्हातारी कोण, माणूस की देवच, याचा वाद मी घालत नाही, नुसती ऋणी आहे. आज दीर नातवंडांवर खेकसतात, तेव्हा घरातले सगळे वैतागतात. मी मात्र हातातलं काम थांबवून ऐकत राहते.