आजाऱ्यांकडे जाणारी तेरेजबाय

रविवारी सकाळी मी सरकारी दवाखान्यातल्या बायकांच्या वॉर्डात पोचलो, तेव्हा खाटेवरची गादी गुंडाळून ठेवलेली होती. माझ्या शर्टाच्या खिशात पितळी डबी, डबीत तेरेजबायसाठी आणलेलं कम्युनियन, आणि मी आपला त्या गादीकडे बघत उभा. वॉर्डातली आया फिलू पुढे आली. "काल दिवेलागणीला गेली हो ती, मास्तर," एवढंच म्हणाली. मला निरोप शनिवारी दुपारीच मिळाला होता... तेरेजबाय कम्युनियन मागते आहे, आजच या. मी घरात बसून वार्षिक परीक्षेचे पेपर तपासत राहिलो. पेपर काही पळून जात नव्हते. खरं कारण वेगळं होतं, आणि ते कागदावर आणायला मला पाच आठवडे लागले.

आमच्या रत्नागिरीत कॅथलिकांची घरं जेमतेम तीस-पस्तीस, तीही विखुरलेली. कोणी बंदराकडे, कोणी भाट्याच्या खाडीपलीकडे, कोणी कारखान्यात नोकरी लागली म्हणून मिरजोळ्याला. फादर एकच, आणि त्यांच्या अंगावर पार दापोलीपर्यंतचा मुलूख. अंथरुणाला खिळलेली माणसं महिनेन् महिने कम्युनियनवाचून राहायची, कित्येक तशीच जायची. फादरनी मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत, अर्पण केलेली भाकर घरी नेऊन त्यांना भरवायची, सोबत प्रार्थना म्हणायची, एवढंच काम. पण करणार कोण? ऐंशी सालच्या सुमाराला आमच्या तेव्हाच्या म्हाताऱ्या फादरनी बिशपांची परवानगी आणली आणि ती डबी तेरेजबायच्या हातात दिली. ही शाळेचे गणवेश शिवणारी विधवा, शिक्षण चौथी. नवरा लाँचवर तांडेल होता, तो तरुणपणीच गेलेला. पुढची सहा वर्षं तिचा एक रविवार चुकला नाही. छत्री, पिशवी आणि ती डबी घेऊन चालत निघायची. कोणाच्या घरी गेली की आधी म्हातारीचे केस विंचरायची, चादर बदलायची. घरातलं कोणी घाई केलीच तर म्हणायची, "थांब गो जरा, देव काय पळून जातोय?" संध्याकाळी तिच्या खोलीत बायका जमायच्या. बायबल हातोहात फिरायचं, ज्या बाईची पाळी ती वाचणार आणि तिला काय वाटलं ते तीच बोलणार. फिलूला धड वाचता येत नव्हतं, शब्दाखाली बोट धरून वाचायची, आणि एकही बाई तिला घाई करायची नाही. मी एकदा तेरेजबायला विचारलं, की हे तू एकटी जास्त चांगलं करशील, मग इतरांना कशाला? "अरे, मी एकटीच बोलायला लागले तर माझा फादर होईल," ती हसत म्हणाली. "एक आहे तेवढा पुरे."

म्हातारे फादर बदलून गेले आणि नवे आले. माणूस वाईट नव्हता, गोरगरिबांसाठी रात्रंदिवस राबणारा. पण आमच्यातल्या दोन-चार वजनदार मंडळींनी त्यांचे कान भरले. कस्टममधून निवृत्त झालेले एक साहेब होते, त्यांचं म्हणणं, बाईच्या हातून कम्युनियन घ्यायला मन धजत नाही, आणि त्या खोलीत आया नि मोलकरणी प्रवचनं करतात हा काय चावटपणा आहे! फादरनी चर्चच्या समितीची बैठक बोलावली. समितीत आम्ही सात जण, सातही पुरुष. तेरेजबायला बोलावणंच नव्हतं. आदल्या दिवशी ती माझ्या घरी आली. कोणाकडे कधी काही मागणारी बाई नव्हे ती, पण उंबऱ्यात उभं राहून म्हणाली, "मास्तर, उद्या तू बोलशील ना रे? माझ्या आजाऱ्यांचं तेवढं बघ." मी म्हटलं, "बोलेन गो, त्यात काय!" बैठकीत साहेब बोलले, आणखी दोघे बोलले. फादरनी माझ्याकडे बघितलं. मला तोंड होतं, शब्दही तयार होते... आणि मी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत बसलो. का? साहेबांनी माझ्या थोरल्याला नोकरीला लावायचं कबूल केलं होतं म्हणून. झालं, लिहून टाकलं. डबी तिच्याकडून काढून घ्यायची असं ठरलं. मग ती द्यायची कोणाला? शिकलेला, निर्व्यसनी, चर्चमधला जुना माणूस हवा. सगळ्यांनी मिळून माझं नाव घेतलं आणि मी नाही म्हटलं नाही.

तिनं डबी धुऊन, पुसून, इस्त्री केलेल्या रुमालात बांधून माझ्या हातात दिली. मला वाटलं होतं शिव्या घालेल. तिनं फक्त कोण कुठे आजारी आहे, कोणाला गिळता येत नाही, कोणाला कमी ऐकू येतं ते सगळं सांगितलं. त्यानंतरही तिच्या फेऱ्या थांबल्या नाहीत. रिकाम्या हातांनी जायची, केस विंचरायची, बसायची. माझी फेरी मात्र तासाभरात उरकायची. दोन वर्षांनी माझी आई अंथरुणाला लागली. मी डबी उघडली, तर तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. "तेरेजाला बोलाव, तुझ्या हातचं मला नको," म्हणाली. पोटच्या पोराला आई असं म्हणते तेव्हा जीव नकोसा होतो. मी तेरेजबायला घेऊन आलो आणि डबी तिच्यापुढे धरली. म्हटलं, तूच भरव, कोण बघतंय? तिनं डबी माझ्याकडेच सरकवली. "चोरून नाही देणार," म्हणाली. मग आईच्या उशाशी बसली, तिची हनुवटी धरून तोंड वळवलं. "घ्या हो आई. भाकर काय याच्या घरची आहे?" आईनं माझ्या हातून घेतलं. घेताना बघत होती ती तेरेजबायकडे. चौथ्या दिवशी आई गेली.

तेव्हापासून मी तेरेजबायला टाळत होतो. तिच्यासमोर उभं राहून तिचीच डबी उघडायची आणि भरवताना म्हणतात ते "ख्रिस्ताचं शरीर" म्हणायचं, हे मला नको होतं. म्हणून पेपर तपासत बसलो. स्वतःची लाज वाचवायला मी एका मरणाऱ्या बाईला ताटकळत ठेवलं. जिनं सहा वर्षं गावभर आजाऱ्यांना कम्युनियन पोचवलं, ती त्यावाचून गेली, असंच मी धरून चाललो होतो.

गेल्या रविवारी फिलू घरी आली. खुर्ची दिली तरी खाली बसली. पदराचं टोक पिळत म्हणाली, "एक सांगायचंय, मास्तर. त्या दिवशी ती विचारत होती, मास्तर आला काय. तीनदा विचारलंन. मग नाही विचारलंन. मी पेज घेऊन बसले होते. तिनं माझ्याकडे बघितलंन नि तोंड उघडलंन. मी चमचा पुढे केला नि म्हटलं, ख्रिस्ताचं शरीर. का म्हटलं, मला ठाऊक नाही. ती आमेन म्हणाली. मग काही घेतलंन नाही... पाप झालं काय हो माझ्याकडून?"

पेज म्हणजे पेज, ते कम्युनियन नव्हे. दर रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात मी पोरांना हेच शिकवतो. पण फिलूला मला ते सांगवेना. "नाही गो," म्हटलं, "तुझ्याकडून नाही झालं." ती रडली, मीही रडलो. मग मी विचारलं, तेरेजबायवर मी वर्तमानपत्रात लिहायला घेतलंय, त्यात हे लिहू का? फादर वाचतील, साहेब वाचतील, त्या खोलीत अजून चालणारं तुमचं वाचनसुद्धा बंद करतील.

फिलूनं डोळे पुसले आणि उठून उभी राहिली.

"लिवा," म्हणाली. "पण तीनदा विचारलंन, ते गाळू नका."