आई चाकावर बसली तो दिवस

काष्टीला आमच्या घरी मडकी घडवायची ती वडिलांनी. माती चाळायची, लीद कालवायची, पायानं तुडवायची ती आईनं. चाकाला मात्र बाईनं हात लावायचा नाही, असा आमच्यात रिवाज होता. का, ते कुणी सांगितलं नाही आणि आईनंही माझ्यासमोर कधी विचारलं नाही. वडील गेले, भाऊ साखर कारखान्यात लागला, आणि चाक बंद पडलं.

गेल्या हिवाळ्यात गुडघे दाखवायला आई नगरला माझ्याकडे आली होती. शहराबाहेर एका बाईंनी मातीच्या भांड्यांची छोटी गॅलरी काढल्याचं ऐकलं होतं. आईला बरं वाटेल म्हणून मी तिला तिकडे घेऊन गेले.

दोनच खोल्या. फळ्यांवर निळ्या-करड्या वाट्या, पेले, काही मुद्दाम वाकड्या केलेल्या सुरया. आई हात मागं बांधून एकेक बघत होती.

"हात लावा ना, आजी," त्या बाई म्हणाल्या. पस्तिशीच्या असतील.

आईनं एक वाटी उचलली, नखानं वाजवून कानाशी नेली. "झ्याक भाजलीय. कोन घडवतं ही?"

"मीच."

"तुमी? चाकावर? घरचं कुनी काय बोललं न्हाई?"

बाई हसल्या. "कुणी कशाला बोलेल? मला शिकायचं होतं, शिकले. तुम्ही बसता का? मागच्या पडवीत आहे चाक."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "बस ना." ते मी म्हणायला नको होतं.

चाक विजेचं होतं, पुढ्यात स्टूल, त्यामुळे गुडघ्यांची अडचण नव्हती. चाक फिरू लागलं. हात कुठं धरायचे हे आईला सांगावं लागलं नाही. पण संधिवातानं वाकडी झालेली बोटं जागेवर ठरेनात. माती चार बोटं वर आली, डगमगली, फाटली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बाईंनी आपले हात आईच्या हातांवर ठेवले आणि एक वाटी उभी राहिली.

"बघा, जमलं की!"

आईनं हात काढून घेतले. "ही तुमची हाय," ती म्हणाली.

नळावर तिचे हात धुताना मी म्हटलं, "पहिल्यांदाच बसलीस. दर रविवारी येऊ, हळूहळू जमेल."

"चाळीस वरसं त्यांच्या म्होरं बसून बघितलं मी," ती म्हणाली. "डोळ्यांना समदं येतंय गं. हातांनी कवा शिकायचं? आता कशाला आनलंस मला हितं?"

मी नळ बंद केला. रिक्षात ती बाहेर बघत राहिली.

पंधरा दिवसांनी बाईंचा फोन आला, वाटी भाजून तयार आहे म्हणून. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "असू दे त्यांच्याकडंच." गुडघ्यांनाही काही फरक पडला नव्हता. त्याच आठवड्यात मी तिला काष्टीच्या एसटीत बसवून दिलं.