रमिलाबेनच्या मडक्यातल्या शिंपल्या

नवापूरकडे मुद्दाम फिरायला कोणी जात नाही, मीही गेले नसते. पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत तपासायला शिंपल्या येतात त्या कोकणातून, बर्फात बसून. यावेळी फोन आला तो उकाई धरणाच्या फुगवट्यावरच्या, नदीकाठच्या एका गावातून. गावाच्या आरोग्याचं बघणाऱ्या आशाताई सांगत होत्या, शिंपल्या विकणाऱ्या रमिलाबेनकडच्या शिंपल्या खाऊन शेजारची मुलगी जुलाबांनी बेजार झाली. मुलगी आता बरी आहे, पण रमिलाबेनच्या टोपलीकडे बाजारात कोणी फिरकत नाही. रजा शिल्लक होती. म्हटलं, नमुने मीच आणते.

नवापूरपर्यंत रेल्वे, पुढे जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा स्टँडवर गरम भजी खाऊन घ्या. माझा थर्माकोलचा डबा बघून ड्रायव्हर म्हणाला, "तठे देखासारखं काय शे, ताई?"

"शिंपल्या," मी म्हटलं. त्याने मान हलवून डबा टपावर बांधला.

रमिलाबेन पन्नाशीच्या. गुडघाभर पाण्यात उभं राहून पायाच्या बोटांनी चिखल चाचपतात आणि शिंपली अलगद वर काढतात. मी तासभर खपून तीन काढल्या, त्यातला एक दगड निघाला. त्या पोटभर हसल्या. घरी आणलेल्या शिंपल्या त्या मडक्यात, विहिरीच्या पाण्यात रात्रभर ठेवतात. "रेती ओकून टाकतात. खाणाऱ्याच्या दाताखाली खडा नको यायला." मी नदीतल्या शिंपल्या घेतल्या, मडक्यातल्या घेतल्या आणि बाटलीभर विहिरीचं पाणीही.

जेवायला भाकरी आणि शिंपल्यांचा रस्सा होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "अजून थोडं उकळू या का?" माझ्यापुढची वाटी उचलून रमिलाबेननी डाळ आणून ठेवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निघताना त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्या हाताने पोर आजारी पडली का, ते खरं सांगा."

जुलाबाचा जंतू डोळ्यांना दिसत नाही, पण त्याच्या जनुकांत फक्त त्याचाच असा एक तुकडा असतो. आमचं यंत्र त्या तुकड्याच्या इतक्या प्रती काढतं, की जंतू असला तर लपत नाही. नदीतल्या शिंपल्यांत काही सापडलं नाही. विहिरीच्या पाण्यात सापडलं आणि मडक्यातल्या शिंपल्यांत तर त्याहून जास्त. शिंपली पाणी गाळून जगते, पाण्यातली घाण तिच्या अंगात साठते.

मी रमिलाबेनना फोनवर सगळं सांगितलं. पोरीला शिंपल्यांतून बाधलं की त्याच विहिरीच्या पाण्यातून, हे यंत्राला कळत नाही, तेही सांगितलं.

"म्हणजे नदी चांगली आहे. मीच स्वच्छ करायला गेले."

"खाणाऱ्यांच्या काळजीनेच ना," मी म्हटलं.

आता विहिरीत औषध पडलंय आणि रमिलाबेन मडक्यात उकळून गार केलेलं पाणी घालतात. परवा त्यांचाच फोन आला. पहिली टोपली घेऊन बाजारात बसायचंय म्हणाल्या. आणि वर, "तुम्ही या. या वेळी खाल ना?"

तिकीट काढलंय. डबा घरीच ठेवणार आहे.