दोन फ्री थ्रो

तो मुंबईच्या कॉलेजात बास्केटबॉल खेळायचा. जव्हार संस्थानच्या दरबाराच्या खर्चानं शिकणारा दाभोशाकडच्या आदिवासी पाड्यांतला तो एकटाच. सुट्टीत जव्हारला आला की मी शिकवायचो त्या शाळेच्या मैदानावर यायचा. बोलायचा कमी, आणि बोलताना अंगठ्यानं बोटांची पेरं चोळत राहायचा. तिघं अंगावर आले तरी त्यांच्यातून निसटून चेंडू बास्केटात घालायचा. पण फ्री थ्रोला सगळे थांबून गप्प उभे राहिले की त्याचे हात जड व्हायचे.

ठाण्याचा संघ आला तेव्हा दरबारी मंडळी बघायला बसली होती. शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणानं मागे होतो आणि त्याला दोन फ्री थ्रो मिळाले. दोन्ही कडीला लागून बाहेर गेले.

"अडवायला कोणी नव्हतं, तरी जमलं नाही," दरबारचे कारभारी म्हणाले. "यांना शिकवून उपयोग काय?" सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी तो मैदानावर एकटाच फ्री थ्रो टाकत होता. एकही चुकत नव्हता.

"अरे, काल असे का नाही टाकलेस?" मी विचारलं.

"काल सगळी मी कधी चुकतो तेच बघत होती, मास्तर," तो म्हणाला. "तुम्हीपण हसलात."

मी हसलो होतो, कारण कारभारी माझ्याकडे बघत होते.